चाचणीच्या गाडीला चंदन

"ही गाडी आपली नाही. तेव्हा बिल्डिंगमध्ये कुणाला काही बोलू नकोस," अशोकने कौमुदीला जिन्यातच बजावलं होतं.

"मी काय दवंडी पिटत फिरते का?" असं म्हणून कौमुदीने तो विषय तिथेच झटकून टाकला. आणि तसं पाहिलं तर तिने शब्द पाळला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तिने फक्त एका माणसाला सांगितलं. ते माणूस म्हणजे तळमजल्यावरच्या घरमालकीणबाई, महालक्ष्मी मामी. आता महालक्ष्मी मामींना एकट्यांना सांगणं म्हणजे काय, हे चेन्नईच्या मैलापुरात ज्यांनी चार दिवस काढले असतील त्यांना समजावायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की कौमुदी वर येऊन कुकर लावते न लावते तोच रस्त्यापलीकडच्या मोगरेवाल्या बाईने खालून हाक मारून विचारलं, "नवी गाडी? एन्ना कलर?"

कौमुदीच्या हातातून शिट्टीच निसटली.

प्रकरण असं होतं. अशोक श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या एका कारखान्यात इंजिनिअर. सकाळी कंपनीच्या बसमध्ये झोपून जायचं आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये झोपून यायचं, असा त्याचा शिस्तीचा प्रवास. त्याच्या कंपनीने एक छोटी एसयूव्ही तयार केली होती, अर्धी विजेवर आणि अर्धी पेट्रोलवर चालणारी. मोबाइलसारखी प्लगला लावायची. चार्जिंग असेपर्यंत ती मांजराच्या पावलांनी विजेवर चालणार, ते संपलं की पेट्रोलचं इंजिन आपणहून सुरू होणार. बाजारात आणण्याआधी एखाद्या साध्या कुटुंबाने ती पंधरवडाभर रोजच्या कामांना वापरून पाहावी आणि काय वाटलं ते सांगावं, अशी साहेबांची इच्छा. "ट्रॅकवर पळवणारे पुष्कळ आहेत, मला भाजी आणणारा ड्रायव्हर हवाय," असं साहेब म्हणाले, आणि अशोकने मोठ्या अभिमानाने बायकोचं नाव दिलं. बायकोला विचारलं नाही. तो म्हणाला, सरप्राइज होतं. कौमुदीच्या मते सरप्राइज आणि धक्का यांत फरक असतो आणि तो लग्नाच्या आधीच शिकवायला हवा.

कारण कौमुदी ही काळजी करण्यासाठीच जन्माला आलेली होती, आणि भव्या झाल्यापासून तर ती त्यात तरबेज झाली होती. भव्या म्हणजे तिची तीन वर्षांची मुलगी. कौमुदी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची, बिस्किटाच्या पुड्यावरचीसुद्धा वाचायची. नवी गाडी दारात आली तेव्हा अशोकने तिचा पिकअप सांगितला, आणि कौमुदीने आधी लहान मुलाच्या सीटचं धातूचं बक्कल स्वतःच्या गालाला लावून पाहिलं. ते मे महिन्यातल्या चेन्नईच्या उन्हात तापलेलं होतं. गालावर दोन दिवस शिक्का राहिला. तिची ही पहिली नोंद अशोकने ऐकली आणि तो नुसताच "हं" म्हणाला.

तरीही तिने गाडी परत पाठवली नाही, त्याला कारण होतं. तांबरमच्या एका कॉलेजने तिला रसायनशास्त्र शिकवायला बोलावलं होतं. कॉलेजच्या आवारातच पाळणाघर होतं, म्हणजे भव्या बरोबर. पीएच.डी. करून ती सांगलीच्या कॉलेजात शिकवत होती, ते सोडून चेन्नईला आली होती, आणि तेव्हापासून "सध्या काय करतेस?" या प्रश्नाला उत्तर देताना तिचा आवाज आपोआप बारीक व्हायचा. पण मैलापूर ते तांबरम रोज जायचं कसं? भव्याला रिक्षा लागते, बस लागते, नुसती बस बघितली तरी लागते. राहिली गाडी. आणि लेकरू मागे बसवून विमानतळाच्या बाजूने जाणाऱ्या त्या हायवेवर, जिथे लॉरीवाले हॉर्न वाजवतात की शाप देतात ते कळत नाही, तिथे गाडी चालवायची कल्पना केली तरी कौमुदी हातातली चावी परत खुंटीला लावायची. मग तिने मनाशी एक अट घातली. या पंधरवड्यात एकदा, फक्त एकदा, न घाबरता तांबरमला जाऊन यायचं. जमलं तर कॉलेजला हो, नाहीतर कायमचं नाही. कॉलेजलाही पंधरवड्याच्या आतच उत्तर हवं होतं.

पण तांबरम राहिलं बाजूला. पहिल्याच सकाळी ती भव्याला घेऊन खाली आली, तर गाडीभोवती माणसं. कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळातले पुजारी कापराचं ताट घेऊन उभे, चारही चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर मोगऱ्याचा हार, एका बाजूला कोहळा, आणि या सगळ्याच्या मधोमध महालक्ष्मी मामी, नवी कांजीवरम नेसून.

"मामी, हे काय?" कौमुदीने विचारलं.

"काय म्हणजे? पूजा की!" मामी म्हणाल्या. "तुम्ही पोरें गाडी आणून आहां, पूजेचें नांव नाहीं. मी असकी तयारी करून सोडलें. तूं फक्त चालवून लिंबें चिरड."

मामी आणि त्यांचे यजमान नारायणस्वामी हे तंजावरकडचे मराठी. कैक पिढ्या तिकडेच गेल्या, पण घरात मराठी टिकवलेली. पहिल्यांदा त्यांचं बोलणं ऐकलं तेव्हा कौमुदीला वाटलं होतं, कुणी तरी बखर वाचून दाखवतंय आणि मधूनमधून पाणी प्यावं तसं तमिळ पितंय. पण परक्या गावात आपली भाषा, तीही अशी जुनी, पेटीतल्या शालूसारखी! कौमुदीला त्या दोघांना कशालाही नाही म्हणणं जमायचं नाही. त्या दिवशीही जमलं नाही.

"मामी, ही गाडी आमची नाही. बघायला दिलीय. परत जायचीय," ती हळूच म्हणाली.

"बरें बरें," मामी म्हणाल्या. नवऱ्याचं ब्लडप्रेशर वाढलं की डॉक्टरांसमोर त्या ज्या सुरात "बरें बरें" म्हणतात, तोच हा सूर.

कौमुदी गाडीत बसली. बटण दाबलं. कसलाच आवाज झाला नाही. "अजून स्टार्ट होऊन नाहीं," मामींच्या गोतावळ्यातलं कुणीतरी म्हणालं. "झालीय," कौमुदी म्हणाली. "कुठें होऊन आहे?" म्हणून चौघंजण कान लावायला गाडीपुढे वाकले. पुजाऱ्यांनी कापूर ओवाळला. कौमुदीने श्वास रोखून अलगद पाय दाबला, आणि गाडी बोटभर पुढे सरकून कचकन थांबली. पुन्हा दाबला. पुन्हा कचकन! पुढे माणूस दिसला की आपणहून ब्रेक मारायचा, अशी त्या गाडीला शिकवण होती, आणि पुढे तर पुजारी, कापूर, कोहळा आणि चार वाकलेले शेजारी. लिंबं अर्धीच चिरडली. गर्दीने पुजाऱ्यांकडे पाहिलं. अर्धवट चिरडलेल्या लिंबाला काय म्हणायचं, याचा शास्त्रात खुलासा नसावा, कारण पुजाऱ्यांनी ताट खाली ठेवून आकाशाकडे पाहिलं.

शेवटी नारायणस्वामी मामा पुढे आले. उंच, शिडशिडीत, कमरेला लुंगीसारखी शुभ्र वेष्टी, काखेत छत्री. त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि निकाल दिला, "दयाळू गाडी आहे. लिंबालाही मारीत नाहीं." मग सगळ्यांना मागे सरकवून त्यांनी लिंबं पुरती चिरडून घेतली, आणि पुजाऱ्यांनी समाधानाने गाडीला चंदन लावलं. पुढच्या बोधचिन्हावर ठसठशीत गंध, त्यावर कुंकू. मागे तसंच. मामींनी आतून काचेवर, अगदी वर मधोमध, जिथे एक काळा डोळा असतो, तिथेही एक मोठा टिळा लावला. नजर लागू नये म्हणून.

आता गंमत अशी की त्या बोधचिन्हाच्या मागे गाडीचा रडार, आणि काचेवरचा काळा डोळा म्हणजे तिचा कॅमेरा. कौमुदी रस्त्यावर आली मात्र, समोरच्या पडद्यावर लाल अक्षरांत सूचना उमटली, की मला समोरचं दिसत नाही. पाठोपाठ ट्याँव ट्याँव सुरू. भव्या मागून आनंदाने ट्याँव ट्याँव करू लागली. देवळाच्या तळ्याला एक फेरी मारून ती तशीच घरी आली आणि ओल्या फडक्याने चंदन पुसून काढलं. चोरासारखं, इकडेतिकडे बघत.

दुसऱ्या सकाळी बघते, तर बोधचिन्हावर चंदन पुन्हा जागच्या जागी. मामी पहाटे दारात कोलमची रांगोळी काढून झाली की उरलेल्या उत्साहात गाडीलाही गंध लावत होत्या. कौमुदी पुसायची, मामी लावायच्या. दोघीही एकमेकींना त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हत्या. बोलायचं काय? "तुमच्या देवाने माझी गाडी आंधळी केली," असं घरमालकीणबाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि चार्जिंग! त्या विषयावर कौमुदीने अशोकला जे ऐकवलं ते इथे देता येण्यासारखं नाही. पार्किंगमध्ये एकच मोठा प्लग होता, पाण्याच्या पंपाशेजारी. तिथे तिने दुपारी गाडी लावली. गाडीवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला, तिला वाटलं, जमतंय की! तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून धाडधाड करत एक आकृती खाली आली. कमरेला टॉवेल, डोक्यावर पांढऱ्या फेसाचा डोंगर, डोळे मिटलेले. भूतबाधेवर तिचा विश्वास नव्हता, पण ती दोन पावलं मागे सरली.

तो विजयेंद्र होता, बिल्डिंगच्या असोसिएशनचा सेक्रेटरी, तोही तंजावरकडचाच मराठी. प्लग आणि पंप एकाच फ्यूजवर होते. गाडीने वीज घेतली, फ्यूज उडाला, पंप थांबला, आणि वरची टाकी नेमकी विजयेंद्रच्या शांपूच्या वेळी कोरडी पडली.

"मॅडम," तो डोळे न उघडता म्हणाला, "कॉमन करंट पर्सनल वेहिकलला चालत नाहीं. बायलॉजमध्यें नाहीं."

"मग काय करायचं?"

"असोसिएशनला अर्ज द्या. आम्ही मीटिंग बोलावूं. दोन-तृतीयांश हवेत. मग वीजमंडळाचें नो-ऑब्जेक्शन. मग फायर सेफ्टी." फेस त्याच्या नाकावर ओघळला, तो त्याने सेक्रेटरीच्या रुबाबात पुसला. "साधारण दिवाळीपर्यंत होऊन जातें."

"गाडी या महिन्यातच परत जायचीय हो."

"मग अर्ज लौकर द्या," विजयेंद्र म्हणाला, आणि भिंत चाचपडत वर गेला. त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये नळाला पाणी कमी आलं की लोक गाडीकडे बघू लागले. जणू ती पाणीच पिते.

मार्ग काढला मामींनीच. त्यांच्या स्वयंपाकघरात एक मोठा प्लग होता, वेट ग्राइंडरचा. "ती काढून हें लाव," त्या म्हणाल्या. पार्किंग त्यांच्या खिडकीलाच लागून, गाडीची वायर तिथवर पोचली. फक्त एक अडचण होती. मामी आठवड्यात अनेकदा पीठ वाटायच्या, स्वतःसाठी, लेकीसाठी, आणि अर्ध्या गल्लीसाठी. तेव्हा ज्या दिवशी इडली, त्या दिवशी गाडी पेट्रोलवर. कंपनीने त्या गाडीची वाळवंटात परीक्षा घेतली असेल, घाटात घेतली असेल, पण इडलीच्या पिठापुढे तिचं काय होतं हे जगात फक्त कौमुदीला ठाऊक होतं.

पंधरवडा असा निघून चालला आणि तांबरमचं नाव निघेना. कधी चंदन, कधी चार्जिंग नाही, कधी राहुकाळ. कौमुदी सांगलीची, राहुकाळ वगैरे काही मानणारी नव्हे. पण मामी फाटकाशी उभ्या राहून "आतां नको जाऊं गं" म्हणाल्या की तिला तेवढंच निमित्त पुरायचं. खरं सांगायचं तर निमित्ताच्या शोधात तीच होती.

आणि मग ती दुपार आली. अग्निनक्षत्राचे दिवस. म्हणजे चेन्नईचं ऊन ज्या दिवसांत स्वतःलाच घाबरतं, ते. वीज गेली. कौमुदी बाथरूममधून बाहेर आली आणि भव्या गादीवर नाही. खोलीत नाही, गॅलरीत नाही, दार अर्धवट उघडं. ती अनवाणी खाली धावली. मामींच्या घरात भव्या नव्हती, आणि मामाही नव्हते.

"मामा?" मामी दचकल्या. "आतां तर इथें पडून होते!"

मग जे सुरू झालं त्याला शोधाशोध म्हणणं कमीच. मामी पदर खोचून गल्लीच्या एका टोकाला, कौमुदी दुसऱ्या टोकाला, मोगरेवाली बाई टोपली सोडून देवळाकडे, विजयेंद्र गच्चीवर. कुणी तळ्याचं नाव काढलं तेव्हा कौमुदी फाटकाशी खालीच बसली. त्या क्षणी तिला गाडी, नोकरी, तांबरम, काही म्हणजे काही नको होतं.

आणि तेव्हा पार्किंगमधून इंजिनचा आवाज आला. भुर्र्र!

सगळे वळले. इतका वेळ मुकाट, बंद वाटणारी ती गाडी आपोआप थरथरू लागली होती. कौमुदी धावली. काचेवर उन्हाची जाळीदार पट्टी लावलेली, तिच्या फटीतून आत पाहते, तर पुढच्या सीटवर नारायणस्वामी मामा, मांडीवर भव्या, भव्याच्या हातात स्टिअरिंग. एसी गारेगार. भव्या मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, खात होती. मामांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. दोन्ही हात वर, बंदूक रोखल्यासारखे.

कौमुदीने दार उघडलं, भव्याला ओढून घेतलं, आणि तिला इतकं घट्ट धरलं की मुरुक्कूचा चुरा झाला.

"मी कांहीं केलों नाहीं!" मामा म्हणाले. "बटण दाबून बसून होतों. आवाज नाहीं, कांहीं नाहीं. घरांत करंट नाहीं, पोर घामेजून खाली आली, चावी तिच्याच हातीं, मेण्हून म्हटलें, चला, इथें गार बसूं. आतां हीच आपणहून ओरडायला लागली!"

चार्जिंग संपलं होतं, म्हणून पेट्रोलचं इंजिन सुरू झालं होतं, एवढंच. पण ते सांगायला कौमुदीच्या अंगात त्राण नव्हतं. मामींनी नवऱ्याला भर पार्किंगमध्ये तमिळमध्ये झाडलं. त्यातलं कौमुदीला कळलं नाही, पण विजयेंद्र फाटकाबाहेर निघून गेला, यावरून अंदाज आला.

त्या संध्याकाळी तिने अशोकला सांगितलं, "उद्या कंपनीची माणसं गाडी न्यायला येणार ना? नेऊ देत. कॉलेजला मी नाही कळवते."

अशोक म्हणाला, "एकदा जाऊन तर ये."

"आज मला घरातल्या घरात हार्ट अटॅक यायचा होता. हायवेवर काय होईल?"

"घरातल्या घरात आलाच ना? मग हायवेचा काय दोष?" असं म्हणून तो कूस बदलून झोपला. या माणसाला स्वतः सहज बोललेलं शहाणपणाचं वाक्य कधी कळत नाही, आणि मुद्दाम बोललेलं कुणालाच कळत नाही.

शेवटच्या सकाळी मात्र कौमुदी खाली उतरली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने चंदन पुसलं, टायर पाहिले, भव्याला सीटला बांधलं, बक्कल गालाला लावून पाहिलं. मग आठवलं, पाण्याची बाटली वरच राहिली. "मामी, जरा हिच्याकडे बघता?" म्हणून ती वर धावली. खाली आली तेव्हा मामी दाराशी उभ्या, चेहरा देवघरातल्यासारखा निरागस. "जा. राहुकाळाला अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या.

अड्यार संपेपर्यंत ठीक चाललं. गिंडीच्या त्या मोठ्या चक्राकार पुलावर, डावीकडून बस, उजवीकडून लॉरी, आणि मधे कौमुदी श्वास धरून, तेव्हा पडदा लाल झाला. मला समोरचं दिसत नाही. ट्याँव! ट्याँव! तिने वर पाहिलं. काचेवर लावलेला ताजा, ओला टिळा ओघळत ओघळत नेमका काळ्या डोळ्यावर आला होता. ती बाटली आणायला गेली तेवढ्यात मामींनी साधलं होतं.

"अरे देवा, हिला दिसत नाही! हिला काही दिसत नाही!" कौमुदी ओरडली. थांबायला जागा नाही, मागून हॉर्नचा गजर.

आणि तिच्या पाठीमागून, अगदी कानाशी, एक आवाज आला.

"गाडीला दिसत नाहीं, तर नसो. तुला दिसतें ना?"

कौमुदीची किंकाळी इतकी खरी होती की शेजारच्या बसमधल्या बायका खिडकीतून डोकावल्या. तिने आरसा खाली वळवला, तर तिच्या सीटच्या मागे नारायणस्वामी मामा, मांडीवर छत्री.

"मामा! तुम्ही?"

"समोर बघ, अम्मा. समोर." मामा शांतपणे म्हणाले. "मामी बोलली, पोरगी एकटी जाऊन आहे, मागें जाऊन बसा, तोंड उघडूं नका. मी उघडलों नाहीं. आतां तूं ओरडलीस मेण्हून उघडलों. ती बस दिसते?"

"दिसते."

"ती लॉरी?"

"दिसते."

"मग जा. पोदुम, तेवढें पुरे. आणखी कोणाला दिसायला पाहिजे?"

"ताता मला म्हणाले, बोलायचं नाही," भव्याने खुलासा केला. ताता म्हणजे तमिळमधले आजोबा.

मग सगळा रस्ता मामा मागून बोलत राहिले. त्यांची सगळी नोकरी तांबरमच्या रेल्वे कचेरीत गेली होती. पल्लावरमला ते कुठे कॉफी प्यायचे, क्रोमपेटला कुणाच्या लग्नात जेवून आजारी पडले, असं एकेक स्टेशन ते जेवणासकट सांगत होते. गाडी ट्याँव ट्याँव करत होती, लॉरीवाले शाप देत होते, आणि कौमुदी घाबरून अर्धी झाली होती. पण अर्धी झालेली कौमुदी गाडी चालवत होती. कॉलेजच्या फाटकात शिरून तिने हँडब्रेक ओढला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की न घाबरता येण्याची अट साफ मोडली आहे. ती घरापासून इथवर एक क्षणही न घाबरता आलेली नव्हती. मात्र आली होती.

प्राचार्यबाईंसमोर ती बसली तेव्हा केस विस्कटलेले, कुर्त्याला चंदन, कडेवर भव्या. "सो, डॉक्टर, हॅव यू डिसायडेड?" बाईंनी विचारलं.

कौमुदी म्हणाली, "यस." आणि तिला स्वतःलाच धक्का बसला. मागाहून तिने अशोकला याचं जे कारण दिलं ते असं: घरीही घाबरतेच आहे, तर निदान पगार घेऊन घाबरावं.

परत आली, तर फाटकात कंपनीची इंजिनिअर दिव्यश्री गाडी न्यायला आलेली. टापटीप, हातात टॅब्लेट. आणि तिच्यासमोर महालक्ष्मी मामी, दोन्ही हात पसरून.

"पूजा होऊन गेली आहे. लिंबें चिरडून झालीं. आतां परत धाडणें नाहीं," मामी ठणकावत होत्या. हे आधी मराठीत, मग तमिळमध्ये, आणि मग पुन्हा मराठीत.

कौमुदीने चावी मुठीत घट्ट धरली. आत्ताच तर हो म्हणून आली होती, आणि गाडी निघाली! दिव्यश्री काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर बोधचिन्हावर गेली. ती खाली वाकली. कडेच्या खाचांत राहिलेलं चंदन बोटाने खरवडलं. मग काचेवरचा टिळा पाहिला. कौमुदीने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं: रोजचं गंध, आंधळा झालेला रडार, अर्धी चिरडलेली लिंबं, इडलीचं पीठ, शांपू, बंद गाडीत बसलेले मामा.

दिव्यश्री ऐकता ऐकता पायरीवरच बसली. "आम्ही चिखल टाकून बघितला," ती इंग्रजीत पुटपुटली, "पाऊस पाडला, धुकं सोडलं, धूळ उडवली. चंदन... अख्ख्या देशात प्रत्येक नव्या गाडीला लागणार, आणि आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही." तिच्या स्वतःच्या कपाळावर कुंकू होतं, हे विशेष. मग ती उठली आणि फोन करायला कोपऱ्यात गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता, पण बातमी वेगळी होती. साहेबांचं म्हणणं, ही गाडी याच घरात राहू दे. वर्षभर. दिवाळी, पोंगल, सगळे सण होऊ देत. आणि त्या मावशींना गंध लावण्यापासून कुणी अडवायचं नाही.

"मी काय बोललें?" महालक्ष्मी मामी म्हणाल्या, आणि पीठ वाटायला आत गेल्या.

आता कॉलेज सुरू होऊन बरेच दिवस झाले. मामा बरोबर असल्याशिवाय भव्या गाडीत पाऊल ठेवत नाही, आणि खरं म्हणजे कौमुदीही ठेवत नाही. म्हणून मामा रोज तांबरमपर्यंत मागे बसून येतात आणि तिथून रेल्वेने घरी परततात. पेन्शनरांचा पास आहे, मिरवायला तेवढंच. मोबाइल नेत नाहीत. "रेल्वेंत मी चुकणें?" म्हणतात. पण आगगाडीत बसले की त्यांना झोप लागते. मागच्या आठवड्यात झोपेत शेवटच्या बीच स्टेशनपर्यंत गेले आणि त्याच गाडीने झोपेतच तांबरमला परत आले. मामी घरी दारात उभ्या, कौमुदी वर्गात फळ्यापुढे उभी, आणि दोघींच्याही तोंडचं पाणी पळालेलं.

तेव्हा कौमुदीचं तुमच्याकडे एक मागणं आहे. सकाळच्या वेळी तांबरमहून बीचकडे जाणाऱ्या आगगाडीत तुम्ही असाल, आणि खिडकीशी शुभ्र वेष्टीतले एक उंच म्हातारे गृहस्थ दिसले, मांडीवर छत्री, तोंड किंचित उघडं, तर पार्क स्टेशन जवळ आलं की त्यांच्या खांद्याला हळूच हात लावा. मैलापूरची गाडी तिथून बदलायची असते. ते म्हणतील, "मी जागाच होतों." वाद घालू नका. फक्त उतरतात ना, तेवढं बघा.